भरताचं वांगं कोणाशी लढणार

नाना, आज मला भांडायचं आहे आणि घरात भांडायला कोणी नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. विषय तुमचाच आहे. हेवीवेटच्या चॅम्पियनने पुढची लढत कोणाशी खेळावी? तुमच्या वेळचा चॅम्पियन नाही हा. तो केव्हाच म्हातारा झाला, त्याच्यानंतर किती आले आणि गेले ते मला नीट सांगता यायचं नाही. हा आत्ताचा आहे, म्हणजे आता तोही जुना होत चालला आहे, दाढीत पांढरे केस दिसतात. त्याच्यासमोर तिघे उभे आहेत. एक त्याचा जुना वैरी, त्याला मागे याने गुणांवर कसंबसं हरवलं होतं. दुसरा उंच, कोवळा पोरगा, अजून एकदाही न हरलेला. तिसरा नुसताच तोंडाळ, रोज सकाळी उठून याला शिव्या घालतो. मी म्हणते, जुन्या वैऱ्याशी लढावं. तुमची नात म्हणते, त्या पोराशी. तुम्ही जायच्या आधी तिला पाळण्यात पाहिलंत, आता ती पुण्यात नोकरी करते. दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो आणि गेले कित्येक महिने आम्ही दोघी एवढं एकच बोलतो.

तुम्हाला हे ऐकून हसू येईल, कारण तुम्ही आणि मी तरी दुसरं काय बोलत होतो? वरणगावच्या कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर, त्याचं ते अरुंद स्वयंपाकघर, आणि खिडकीत ठेवलेला तुमचा जेवणाचा डबा. आई गेल्यावर त्या घरात बोलायचं कसं हेच आपल्या दोघांना कळत नव्हतं. शाळेत काय झालं, तुम्ही विचारायचा. काही नाही, मी म्हणायचे. मग पळीचा आवाज तेवढा यायचा. एका संध्याकाळी तुम्ही कामावरून आलात, हातपाय धुतले, पिशवीतून फैजपूरच्या बाजारातलं भरताचं वांगं काढलंत. हिरवं, पांढऱ्या रेघांचं, लहान मुलाच्या डोक्याएवढं. ते ओट्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "हा चॅम्पियन. आता सांग, याच्यासमोर कोनाले उभं करू?" तुम्ही त्याच्यासमोर एक कांदा ठेवलात, एक बटाटा, एक मुळा. कांदा समोरच्याला रडवणारा, बटाटा जाडा नि हळू, मुळा उंच पण कमरेत कच्चा. पेपरातल्या खेळाच्या पानावरून तुम्ही ही मंडळी उचलून आणली होती. मी म्हणाले, मुळा. तुम्ही म्हणालात, कांदा. आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा आपण दोघं मोठ्या आवाजात बोललो.

मग तो नेमच झाला. निकाल लागल्याशिवाय वांगं भाजायचं नाही. चूल नव्हती क्वार्टरमध्ये, तुम्ही मागच्या अंगणात कपाशीच्या काड्या पेटवून भाजायचा, आणि काड्या पेटवण्याआधी दोघांचं एकमत व्हायला हवं. ते कधी व्हायचंच नाही, कारण मी हरत आले आणि "बरं, कांदा तर कांदा" म्हणाले की तुम्ही मान हलवायचा. "नाई वं. मले आता वाटते, तुह्यंच बराबर हाये. मुळाच पाहिजे." मी चिडून लाल व्हायचे. नाना, तुम्ही पलटी मारली! तुम्ही शांतपणे तांदूळ निवडायला घ्यायचा. "आज निकाल नाई लागला, आज खिचडी." त्या हिवाळ्यात आपण इतकी खिचडी खाल्ली की मला तिचा वास नकोसा झाला होता. वांगं ओट्यावर बसून राहायचं, रोज थोडं मऊ पडायचं, चॅम्पियनचं वय झालं असं तुम्ही म्हणायचा.

बॉक्सिंगमधलं तुम्हाला कितपत कळत होतं, हा प्रश्नच आहे. तुमचं सगळं डोकं कुस्तीचं. जत्रेच्या दंगलीत तुम्ही पंच असायचा, जोड लावणारे. गडी हात वर करून मैदानाला फेरी मारायचा, ज्याला त्याच्याशी लढायचं असेल तो पुढे येऊन हातात हात द्यायचा, आणि तुम्ही दोघांचे खांदे, उंची, वजन डोळ्यांनी मापून कुस्ती पक्की करायचा. तिकडे अमेरिकेतही असाच कोणीतरी आबा मैदानात उभा असणार, असं तुम्ही धरूनच चालला होता. मी पेपर वाचून दाखवायचे की, अहो नाना, त्यांची माणसं महिनोन् महिने बैठका करतात, पैशाचं ठरतं, तारखा पडतात, मोडतात. तुम्ही पेपर माझ्या हातातून काढून घ्यायचा. "ते लोकं कुस्ती जोडून रायले का सोयरीक?"

मुक्ताईनगरकडच्या एका गावच्या दंगलीत तुम्ही मला नेलं होतं, ते आठवतं. मी मैदानाच्या कडेला तुमच्या उपरण्यावर बसलेय, हातात गोडीशेवेचा पुडा. एक भला दांडगा पहिलवान हात वर करून फेरी मारतोय. डफ वाजतोय. कोणी पुढे येत नाही. तो दुसरी फेरी मारतो, मग तिसरी. लोक त्याच्याकडे बघायचं टाळतात, जो तो शेजाऱ्याशी बोलायला लागतो. शेवटी डफवाला थांबतो, पहिलवान आपले कपडे उचलतो आणि गर्दीतून वाट काढत निघतो. मी टाळ्या पिटल्या. सगळे घाबरले, न लढता जिंकला की तो! तुम्ही असे वळलात माझ्याकडे, की शेव तोंडातच राहिली. "हासतं काय? हारनाऱ्याले जोड तरी भेटली होती. याले कोनीच नाई भेटलं." मग पंचांची जागा सोडून तुम्ही त्याच्या मागे गेलात. दंगल संपल्यावर मी तुम्हाला शोधत आले, तर चहाच्या गाडीपाशी तुम्ही दोघं तावातावाने हुज्जत घालत होता, पुढच्या जत्रेत त्याने कोणाशी लढावं यावरून. तो हसत होता. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, मला घरी जायची घाई होती.

माझं लग्न झालं आणि मी धुळ्याला गेले. तुम्ही क्वार्टरमध्ये एकटे. महिन्यातून एकदा तुम्ही एसटीने यायचा, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन-तीन वांगी. दारात चपला काढतानाच सुरुवात, "मी बसमधी इचार केला. त्यानं त्या डावखुऱ्याशी लढाले पाहिजे." माझ्या सासूबाई कपाळाला हात लावून त्यांच्या अहिराणीत विचारायच्या, "तुना बाप वांगा देवाले येस का भांडाले येस, व माय?" मीही हसायचे. लोकांना सांगायचे, आमच्या नानांना बॉक्सिंगचं वेड आहे. तुम्ही पोचल्यावर पाणी पिऊन लगेच मुद्द्यावर यायचा, मी पोळ्या लाटत उत्तरं द्यायचे, आणि परतीच्या बसची वेळ जवळ आली की तुम्ही हटकून पलटी मारायचा. पुन्हा पहिल्यापासून सगळं. बस निघून जायची. "जाऊ दे, आता उद्या जाईन," तुम्ही अगदी नाइलाज झाल्यासारखं म्हणायचा आणि सदरा काढून खुंटीला अडकवायचा. मला वाटायचं, वाद घालता घालता तुमचं घड्याळाकडे लक्षच राहत नाही. नाना, जन्मभर भोंग्याच्या वेळेवर कारखान्यात पोचलेला माणूस तुम्ही. तुमची बस चुकेल कशी?

हे मला आता कळलं, आणि कसं कळलं तेही सांगते. तुमचे जावई जाऊन काही वर्षं झाली. धुळ्याचं घर आवरलं, मी जळगावला फ्लॅट घेतला, शाळेच्या ऑफिसातली नोकरीही संपली. पोरीचं लग्न टिकलं नाही. ती वेगळी राहायला लागली तेव्हा मी सारखं विचारायचे, जेवलीस का, वकील काय म्हणाला, पुढे काय ठरवलंस. ती "हो", "नाही", "बघू" एवढंच म्हणायची आणि फोन ठेवायची. मग फोन यायचेच कमी झाले. पुढे कधीतरी तिने सांगितलं की ती बॉक्सिंगच्या क्लासला जाते, संध्याकाळी जाऊन पिशवीवर ठोसे मारते, बरं वाटतं. मी काय बोलू? मला एकच गोष्ट येत होती. मी विचारलं, "मग तुमचा तो चॅम्पियन आता कोणाशी लढणार?" मग ती म्हणाली, "मम्मी, तुला बॉक्सिंग कळतं?" त्या रविवारी आम्ही तासभर बोललो. मी तिला वांग्याची गोष्ट सांगितली, तुमच्या पलट्या सांगितल्या. ती खूप दिवसांनी हसली.

तेव्हापासून मी आठवडाभर तयारी करते. चष्मा लावून मोबाइलवर मुलाखती बघते, कोण किती उंच, कोणाचा हात किती लांब. जुन्या वैऱ्याची बाजू मी का घेतली, तेही सांगून टाकते. ती लढत आज ठरते, उद्या मोडते, तिची तारीख काही येत नाही. म्हणजे बोलणं चालू राहतं. त्या पोराशी लढला तर एका रात्रीत निकाल, आणि चॅम्पियन म्हणतोय की आता एकच लढत, मग बस्स. तो घरी बसला तर रविवारी माझ्या घरात फोन कशासाठी वाजेल? शेजारी जिना चढता-उतरताना विचारतात, काय काकू, बरं आहे ना? बरं आहे, मी म्हणते. कुलूप उघडते, आत येते आणि टीव्ही लावते, कोणीतरी बोलत राहावं म्हणून. मला फार एकटं वाटतं, नाना. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आज रविवार. जेवायच्या वेळेलाच फोन आला. मी ओट्यावर भरताचं वांगं ठेवलं होतं, समोर कांदा आणि मुळा, वेड्यासारखं. हल्ली ठेवते. ती म्हणाली, "मम्मी, मी खूप विचार केला. तुझंच बरोबर आहे. त्याने जुन्या वैऱ्याशीच लढायला हवं."

मी जिंकले होते. ती आता पुढे काय बोलणार? ठीक आहे म्हणणार, काळजी घे म्हणणार आणि फोन ठेवणार. पुढच्या रविवारी कामात असेल, त्याच्या पुढच्या रविवारी विसरेल. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "छे गं. मला आता वाटतंय, तुझंच खरं होतं. त्याने त्या पोराशीच लढावं."

ती म्हणाली, "मम्मी. ही आजोबांची पलटी आहे."

"नाही, नाही, मी खरंच विचार बदललाय," मी म्हणाले.

"असं कसं? इतके महिने माझं डोकं खाल्लंस आणि आता? थांब, मी तुला पटवते. आज मला बाहेर जायचंय, पण पुढच्या रविवारी बघ तू." आणि फोन ठेवायच्या आधी, जरा हळू आवाजात, "मम्मी, आजोबा तुझ्याकडे धुळ्याला किती वेळा यायचे गं?"

यायचे अधूनमधून, मी म्हणाले.

एवढंच सांगायचं होतं. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? क्वार्टरमध्ये आता दुसऱ्याच कोणाचा तरी संसार आहे. पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. मी आत्ता उठून एकटीपुरते तांदूळ निवडणार आहे, कारण निकाल लागलेला नाही आणि वांगं तसंच ओट्यावर आहे. आणि नाना, मला बॉक्सिंग कधीच आवडलं नाही. माणसं एकमेकांना मारायला लागली की मी अजून डोळे मिटून घेते. तुम्हाला तरी आवडत होतं का?