लेडीज टेलरच्या बायकोचं पोट

ती. ताईस,

वाकता येत नाही, म्हणून बसल्या जागेवरूनच नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? (खरंच काळजी वाटते, उगाच विचारायचं म्हणून विचारत नाही.)

पोटाची चरबी काढून घेऊ का, असं तू विचारलंस, म्हणून सविस्तर लिहिते. लायपोसक्शन म्हणजे वजन कमी करणं नव्हे. बारीक छेद घेऊन आत नळी घालतात आणि नको तिथली चरबी ओढून काढतात. आकार बदलतो, वजनाचा काटा जवळपास तिथेच राहतो. डॉक्टरीणबाईंनी हे परोपरीनं समजावलं. मला वजनाशी कर्तव्यच नव्हतं. दिवसभर परक्या बायकांच्या कमरेला टेप लावणारा माझा नवरा माझ्याकडे बघेनासा झाला होता, दुखणं ते होतं. ("तुला आता गाउनच बरा," हे ह्यांचं शेवटचं मत.)

ऑपरेशनच्या सकाळी बाईंनी मला उभं करून पोटावर पेनानं रेघा मारल्या आणि त्या हात धुवायला गेल्या. तेवढ्यात हे आत आले. किती वर्षांनी माझ्या पोटाकडे टक लावून पाहत होते, मला मेलीला भरून आलं. ह्यांनी खिशातला खडू काढला आणि डावीकडची रेघ उजवीइतकी करून टाकली. मार्किंग चुकलंय म्हणे, फिटिंग बिघडेल. बाई परतल्या आणि त्यांनी ह्यांना चांगलंच सुनावलं. चरबी दोन्हीकडे सारखी नसते, म्हणून रेघाही सारख्या नसतात, हे कापड नाही. मग सगळं स्पिरिटनं पुसून पुन्हा आखलं. तोवर दोघांच्या वादात मी उघड्या पोटानं कुडकुडत उभी.

आता महिना झाला. सूज पुरती उतरलेली नाही, दाब देणारा घट्ट पट्टा अजून घालावा लागतो. (ह्यांनी तो उलटसुलट पाहून शिलाईचं कौतुक केलं, माझं नाही.) काल मात्र स्वतःहून टेप घेऊन आले. कंबर, पोट, सगळं हळुवार मोजलं. मी डोळे मिटून घेतले. तर म्हणाले, "झकास. त्या बँकवाल्या बाईंचंच माप आलं. त्यांना हेलपाटे नकोत, ट्रायल तुझ्यावरच घेतो."

मी उभी राहिले, ताई. तिचा ड्रेस मला सुरेख बसला. फार राग आला.

तुझी,
धाकटी

ता. क. करायचंच असेल तर स्वतःसाठी कर. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत.

ता. क. २. तुमची मागची खोली रिकामी आहे का? महिनाभर विश्रांतीला जाते, असं ह्यांना सांगितलंय. ट्रायली खोळंबतील म्हणून कुरकुरले, पण हो म्हणाले. मी माझं शिलाई मशीन घेऊन येतेय, हे मात्र ह्यांना सांगितलेलं नाही.