किमसानांचं आजोळ

३ फेब्रुवारी, नागोया
मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय. बुसानच्या कोरियन क्लायंटसाठी ऑफिसला तिथे राहून दुवा सांभाळणारा लिएझन मॅनेजर हवाय. ती पोस्ट मिळाली तर ठीक, नाहीतर बाडबिस्तरा पुण्याला. काळजी वाटायला हवी. वाटत नाही. मॅच्युरिटी!

५ फेब्रुवारी
सापडलं! जुन्या कोरियन आख्यायिकेत अयोध्येची राजकन्या समुद्रातून जाते आणि तिथल्या काया राज्याची राणी होते. लाखो किम स्वतःला तिचे वंशज म्हणवतात. दोन्ही देशांचे नेते भाषणांत तिचं नाव घेतात. क्लायंटचे साहेबही किमच, इथल्या जपानी रीतीने किमसान! म्हणजे आपण त्यांचं आजोळ. भाचा मामाला नाही म्हणेल? अनघा म्हणाली, राजकन्या अयोध्येची, तू कोथरूडचा. बायकोला डिप्लोमसी कळत नाही.

९ फेब्रुवारी
रोज तासभर कोरियन शिकणार होतो. थंडी फार. त्याऐवजी तिथली एक प्राचीन कविता पाठ केली. अर्थ नंतर बघू. भावना महत्त्वाची.

१४ फेब्रुवारी, सकाळ
आज किमसानांबरोबर डिनर. आहेर म्हणून लग्नातलं उपरणं काढलं. ज्युनिअर सलोनीलाही तीच पोस्ट हवीय. ती रेस्टॉरंटला फोन करून किमसानांना तिखट चालतं का ते कळवत होती. क्षुल्लक कामं.

१५ फेब्रुवारी
उपरणं त्यांच्या खांद्यावर घातलं. भाचा म्हणालो. किमसान शांतपणे म्हणाले, आमचे किम वेगळे, सिल्ला राज्याचे. कायाला त्यांच्याच पूर्वजांनी गिळलं होतं.
सावरायला कविता म्हटली. ती म्हणे शाळेत परीक्षेला होती. दुसरी ओळ त्यांनी दुरुस्त करून दिली.
मग बॉस हायाशीसान माझ्या मदतीला आले. म्हणाले, आमच्या शाळेत शिकवायचे की तेव्हा कायावर जपानचंच राज्य होतं. जपानची कोरियावरची खरी सत्ता संपून शंभर वर्षंही झाली नाहीत. सगळ्यांच्या चॉपस्टिक्स थांबल्या. सलोनीने पटकन सूप मागवलं. एकंदरीत चर्चा ऐतिहासिक झाली.

२० फेब्रुवारी
उत्तर नाही. गंभीर निर्णयांना वेळ लागतो. बुसानमधली घरं नेटवर बघून ठेवली.

२७ फेब्रुवारी
सलोनी बुसानला चालली. किमसानांनी उपरणं परत पाठवलं, धुऊन, इस्त्री करून. इस्त्री माझ्यापेक्षा चांगली.
संध्याकाळी इथेच वाढलेल्या लेकीला, अवंतिकाला सांगितलं, आता पुण्याला राहायचं. तिने जपानीत विचारलं, तिथे आपलं कोण आहे. म्हटलं, अगं, तुझं आजोळ आहे. तिने विचारलं, आजोळ म्हणजे काय.
दोन हजार वर्षांपूर्वीचं आजोळ मी किमसानांना एका दमात समजावलं होतं. लेकीला म्हटलं, उद्या सांगतो.
वाईट वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं.