बॉम्बास्ट: एका शब्दाचं पुनर्वसन

२ जानेवारी २००५, रविवार
आज इतिहास घडला. कॉलेजच्या लायब्ररीने रद्दीत काढलेली जुनी इंग्रजी डिक्शनरी (मीच वाचवली, वजन सात किलो) चाळत होतो. बॉम्बास्ट हा शब्द लागला. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात बॉम्बास्ट म्हणजे चक्क कापूस! अंगरख्यात ठासून भरायचा कापूस. तो अर्थ पुढे मेला. छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मला हे माहीत नव्हतं. म्हणजे कोणालाच नसणार.
कापसाच्या जिल्ह्यात राहून हे सहन करायचं? संकल्प: शब्दाला मूळ अर्थ परत मिळवून द्यायचा. जाहीर व्याख्यान.
स्वयंपाकाच्या कांताबाईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सर, पोळ्या गार होऊन राह्यल्या."

४ जानेवारी
पुण्याहून ऋचाचा फोन. तेच. आई गेल्याला दोन वर्षं झाली, आता घर बंद करा, माझ्याकडे या, एकटे काय करता. म्हणालो, एकटा कुठे? व्याख्यानांना माणसं मावत नाहीत. तिने विचारलं, "किती असतात बाबा?" दोनशे, म्हणालो. तोंडातून गेलं. ती म्हणाली, "तेवीसला येते मी. गर्दी दिसली तर पुण्याचं नाव काढणार नाही. नाही दिसली तर माझ्याबरोबर निघायचं."
मान्य केलं. लेकीला मुद्द्यावर हरवण्यात काय मोठेपणा!
मागच्या व्याख्यानाला अकरा होते. त्यातले चौघं माइकवाल्याचे.

६ जानेवारी
वाचनालयाच्या सेक्रेटरीकडे हॉल मागितला. त्याने विषय विचारला. सांगितला. पाऊण तासाने म्हणाला, तेवीसला हॉलचं पेंटिंग आहे. चोवीसला? तेव्हाही. महिनाभर आहे.

८ जानेवारी, सकाळी ७
तोडगा सापडला. दारव्हा रोडला कापूस खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची, ट्रॅक्टरची रांग लागली आहे. दोन किलोमीटर तरी असेल. माणसं दहा-दहा दिवस तिथेच मुक्काम करतात, तिथेच चूल मांडतात. कापसावर ऐकण्याचा अधिकार यांच्याइतका कोणाला?

९ जानेवारी
स्टूल घेऊन गेलो. पन्नास मिनिटं बोललो. एकही माणूस जागचा हलला नाही! आयुष्यात असा श्रोता भेटला नव्हता. बोरी अरबचे रामराव म्हणून एक शेतकरी, बंडीवर आडवे होऊन ऐकत होते. म्हणाले, "बोला मास्तर, बोला. आमाले कुठी जाचं हाय!"

११ जानेवारी
आज शब्दाचा प्रवास घेतला. ग्रीकांचा रेशमाचा किडा. लॅटिनमध्ये आल्यावर त्याच नावाचा झाला कापूस. तो फ्रान्सवरून इंग्लंडात. तिथले बडे लोक छाती रुंद दिसावी म्हणून अंगरख्यात तो ठासायचे. त्यातला थोडा तरी आपल्या वऱ्हाडातला असणारच. पुरावा शोधायचा आहे. (बोलताना "सिद्ध झालं आहे" म्हणालो. वेळ वाचतो.)
रामरावांनी विचारलं, "मंग आता काय म्हन्ते त्याले?" म्हणालो, तो भाग पुढे येतो. तेवढ्यात रांग सरकली. बरं झालं. आजचा अर्थ किरकोळ आहे. मत्सरी लोकांनी चिकटवलेला.

१३ जानेवारी
थंडी फार. श्रोत्यांनी कानात कापूस घातला होता. बंडीतलाच ओढून, दोन बोटांत गोल वळून. रामराव म्हणाले, "वारं लागते ना मास्तर कानाले." आरोग्याबद्दलची जागृती पाहून समाधान वाटलं.
मी स्टुलावर चढलो की घालतात. माझी वेळ सकाळची, तेव्हा वारा असतो. वेळ बदलावी.

१५ जानेवारी
दुपारी दोनला गेलो. कडक ऊन. तरी कापूस. थंडी हाडात मुरलेली दिसते.
विजयमालाची आठवण झाली. लग्नापासून एकतीस वर्षं पहिल्या रांगेत. मे महिन्यातसुद्धा डोक्यावरून कानांपर्यंत पदर, डोळे मिटलेले. केवढी एकाग्रता! ती गेल्यापासून मला पहिल्या रांगेकडे बघून बोलता येत नाही. इथे समोर बैल असतात. सोपं जातं.

१९ जानेवारी
रामराव निरोप घ्यायला आले. "लागला मास्तर नंबर. सुटलो बाप्पा!" त्यांना गहिवरून आलं होतं. बैलसुद्धा घाईने निघाले. गर्दीला घाबरत असावेत.
ऋचाला फोन केला. आता चारशे म्हणालो. तिने विचारलं, जेवता का वेळेवर? तिला मुद्द्यावर राहता येत नाही. आईवर गेली आहे.

२१ जानेवारी
केंद्रावर दोन वजनकाटे वाढवले. रांग भराभर पुढे जाते आहे. परवा दोनशे बंड्या, आज चाळीस. म्हणजे माझ्या सभांची वर दखल घेतली गेली. आवाज दाबायची ही नवी पद्धत. लोकांचा कापूस मोजून टाकायचा!

२३ जानेवारी, रविवार
ऋचा पहाटे आली. नऊला ऑटोने निघालो, स्टूल मांडीवर. ऑटोवाला म्हणाला, "तिकडं कायले सर? रांग त कालच सपली."
खरंच कोणी नव्हतं. चुलींचे काळे दगड, चिपाडं, बाभळीच्या काट्यांना अडकलेले कापसाचे पुंजके. सवयीने स्टूल मांडलं. ऋचा एका दगडावर बसली. म्हणाली, "बोला बाबा. मी ऐकते."
सुरुवात आठवेना. मला! उभाच राहिलो.
तिने विचारलं, त्या शब्दाचा आता काय अर्थ होतो? सांगितलं. फुगवलेलं, पोकळ बोलणं. ती हसली नाही. हसली असती तर वाद घालता आला असता.
तिने काट्यावरचा एक पुंजका काढला, दोन बोटांत गोल वळला. म्हणाली, "आई असंच करायची. तुमच्या भाषणाला निघताना, आरशासमोर. मग वरून पदर."
मी म्हणालो, शक्य नाही. ती म्हणाली, कुंकवाच्या करंड्यामागे डबी असेल, बघा. "मी विचारायची, कापूसच घालायचा तर जातेस कशाला? तर म्हणायची, त्यांना समोर कोणीतरी लागतं गं."
घरी येऊन बघितलं. पत्र्याची छोटी डबी. आत दोन बोळे. वापरलेले.

२४ जानेवारी
ऋचाने परतीची तिकिटं दोन काढली होती. अट बोलून दाखवली नाही. पंधरा दिवस दे, म्हणालो. तिने एक तिकीट परत केलं. संध्याकाळच्या गाडीने गेली.
दोन दिवसांतली तिन्ही जेवणं ती माझ्यासमोर बसून होती. मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक मीच बोललो.

२५ जानेवारी, सकाळी ११
डबीतले बोळे कानात घालून बघितले. विजयमालाला किती ऐकू येत असेल, याचा अंदाज घ्यायचा होता. रामरावांपुढे केलेलं भाषण पहिल्यापासून म्हटलं. विचित्र गोष्ट: कापूस घातला की आपलाच आवाज आत दणदणतो, फार मोठा वाटतो. बाहेरचं मात्र काहीच येत नाही. अर्धा तास बोललो. छान झालं.
वळलो तर कांताबाई दारात हातवारे करत होती. बोळे काढले. म्हणाली, "कवाचा फोन वाजून राह्यला होता सर! पुण्याचा असंल."
तोवर बंद झाला होता.
संकल्प: ऋचाने पुन्हा केला तर तिलाच बोलू द्यायचं. फोनजवळ खुर्ची ओढून बसलो आहे.

दुपारी ३
बोळे डबीत ठेवले. डबी करंड्यामागे. फोन अजून वाजलेला नाही.