सुपारीच्या नवरीचा फोटो

आई, आज सकाळी तुझी नवरी डब्यातून बाहेर काढली. हिरव्या नऊवारीतली, सुपारीची, तू केलेली शेवटची. तुझ्या समजुतीप्रमाणे ती कल्याणला असायला हवी, समोरच्या काकूंच्या लेकीच्या सासरी, हॉलमधल्या काचेच्या कपाटात. ती तिथे कधी गेलीच नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, त्याच्या आधीची दोन, अशी तेरा वर्षं ती माझ्याकडे कापसात गुंडाळलेली आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आणि आज सांगायला बसले तर सरळ मुद्द्यावर येणं काही जमत नाहीये. मी कशी आहे ते तुला माहीत आहे. आधी फोटोंचं सांगते, मग येते नवरीकडे.

तुझं रुखवताचं काम मी सोडलं नाही. तू असताना सतरा वेळा म्हणायचे, लग्नात टेबलावर मांडायच्या या बाहुल्या आणि साखरेचे बंगले, पुढे कोण घेणार आहे हे. घेतात गं. आता घोडबंदर रोडच्या तिसाव्या मजल्यावरून फोन येतो, मुलगी लग्न करून परदेशी जाणार असते आणि तिच्या आईला अगदी पूर्वीसारखी सुपारीची वरात हवी असते. फरक एवढाच की पूर्वी बायका एकमेकींना विचारत डोंबिवलीला तुझ्या दारात यायच्या, आता त्या फोनवर शोधतात. म्हणून मी वेबसाइट केली, दोनशे फोटो टाकले आणि वाट बघत बसले. कोणी फिरकलं नाही. शेवटी मीच 'रुखवत ठाणे' असं शोधून बघितलं तर मी कुठेच नव्हते. बाकीच्यांची पानंच्या पानं होती, आणि त्यांच्या बाहुल्यांच्या निऱ्या बघून तू कपाळाला हात लावला असतास.

मग वागळे इस्टेटमधल्या एका क्लासला नाव घातलं. लहान धंदेवाल्यांना वेबसाइटचं शिकवतात तिथे. एका गाळ्याच्या माळ्यावर खोली आहे, खाली कसलंसं मशिन दिवसभर एका लयीत चालू असतं, आणि दुपारी दोनच्या सुमाराला त्या लयीत माझ्या डोळ्यांवर झापड येते. शिकवणारी मुलगी पंचविशीची असेल. पहिल्याच दिवशी तिने माझी साइट मोठ्या पडद्यावर उघडायला घेतली. ती उघडेना. वर्गातली लोणचीवाली बाई पाणी पिऊन आली तरी पहिला फोटो अर्धाच उतरला होता, नवऱ्याचा फेटा तेवढा दिसत होता.

"मॅडम, एवढे हेवी फोटो टाकलेत तुम्ही. साइज कमी करायची ना आधी. कस्टमर थांबत नाही हो, लगेच दुसरीकडे जातो," ती म्हणाली. "आणि फोटोचं नाव बघा. आयएमजी दोन शून्य चार सात. काय आहे हे?"

"सुपारीचे नवरानवरी आहेत. दिसतायत की."

"ते तुम्हाला दिसतायत. सर्च इंजिनला डोळे थोडीच असतात? फोटोत काय आहे ते आपण लिहून सांगायचं, मग त्याला कळतं."

ती पुढे बरंच बोलली. फोटोला नाव कसं द्यायचं, त्याच्यामागे एक वाक्य कसं लिहायचं, आणि ज्यांना दिसत नाही अशी माणसं साइटवर आली की त्यांचा फोन तेच वाक्य त्यांना वाचून दाखवतो, वगैरे. मी वहीत काहीच उतरवलं नाही. खालचं मशिन चालू होतं, खिडकीच्या जाळीतून ऊन येऊन बाकांवर चौकटी पडल्या होत्या, आणि मी तिथे नव्हतेच.

मी डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात आहे. तू ओट्याला पाठ लावून खाली बसली आहेस, मांडीवर स्टीलचं ताट, ताटात सुपाऱ्या. कुकरची शिट्टी होते तशी तू मान न हलवता "दोन" म्हणतेस. काचबिंदूने तुझ्या नजरेच्या कडा आधीच खाल्ल्या आहेत, मधलं तेवढं उरलंय, तेही धुरकट. डब्यांना तू दोरे बांधले आहेस. एक गाठ म्हणजे जर, दोन गाठी म्हणजे मोती, तीन म्हणजे टिकल्या. मी एकदा घाईत सगळे दोरे सोडून डबे घासून पुसून लख्ख करून ठेवले, तेव्हा तू अर्धा दिवस माझ्याशी बोलली नव्हतीस. परवा माझ्या दोनशे फोटोंची ती एकासारखी एक नावं बघताना मला त्या लख्ख डब्यांची आठवण झाली. माल सगळा घरातच, आणि हाताला काही लागत नाही.

आणि ते स्टेशनजवळचं लेस-काठांचं दुकान. तुला आता रंग नीट कळत नाही म्हणून तू मला बरोबर नेतेस. दुकानदार एकेक रीळ उलगडतो, तू बोटांनी चाचपतेस आणि मला विचारतेस, कशी आहे गं. मी म्हणते, छान आहे. पुढची? तीही छान. तिसऱ्या 'छान'ला तू रीळ खाली ठेवतेस.

"छान हा रंग आहे का गं? काठ केवढा, मोर आहे का कुयरी, जर पिवळी का लालसर, ते सांग. छान आहे का नाही ते माझं मी ठरवेन."

दुकानदार हसला आणि मी चिडले. सगळ्यांसमोर असं बोलायची तुझी सवय मला कधीच आवडली नाही, आज लिहितानाही थोडा राग आलाच. पण त्या दिवसापासून मी सांगायला शिकले. बसने जाताना पाट्या सांगायचे, शेजारणीच्या साडीचा पदर सांगायचे, पुलावरून खाडीला भरती आहे का ओहोटी ते सांगायचे. तू डोळे मिटून ऐकायचीस. मिटायची काही गरज नव्हती खरंतर, पण तुला तसं बरं वाटायचं. मलाही वाटायचं. मी बोलत गेले की तुझ्या चेहऱ्यावर ती गोष्ट उमटताना दिसायची, आधी खाडी, मग खाडीवरचे बगळे.

क्लासचा गृहपाठ म्हणून मी पहिल्या फोटोमागे लिहिलं, 'सुंदर आकर्षक रुखवत, रुखवत ठाणे, रुखवत कळवा, रुखवत कल्याण, रुखवत डोंबिवली, उत्तम रुखवत.' मला वाटलं, जितक्या वेळा हाक मारू तितकं लवकर ऐकू जाईल. त्या मुलीने वाचलं आणि मान हलवली. "मॅडम, हे ऐकून कोणाला काय कळणार? समजा फोनवर मला दिसत नाहीये. मला सांगा, फोटोत काय आहे?" आई, तुझाच तो सूर. चिडायचं राहूनच गेलं. मी उभी राहून सांगत गेले. केळीच्या पानावर अकरा सुपाऱ्यांची वरात, पुढे सनईवाला, त्याचा फेटा लाल, मागे मामाचा हात धरलेली नवरी, पिवळी नऊवारी, जांभळा काठ, कानाला मोहरीएवढा मोती. वर्गातले पडदे शिवणारे गृहस्थ शिलाईचे हिशेब थांबवून ऐकत होते. मुलगी म्हणाली, बस, हेच लिहायचं, थोडं कमी. तेव्हापासून रोज सकाळी दहा फोटो करते. आकार लहान करायचा, नाव द्यायचं, मागे एक खरं वाक्य लिहायचं. गेल्या आठवड्यात ऐरोलीच्या एका बाईंचा फोन आला, त्यांनी 'मामाचा हात धरलेली नवरी' असंच शोधलं होतं.

पण खरं वाक्य लिहायची सवय लागली की पंचाईत होते. सगळे फोटो झाले आणि तुझी ती राहिली.

समोरच्या काकूंच्या लेकीचं लग्न. तेव्हा तुला फक्त उजेड आणि अंधार कळत होता. अंतरपाटाचा देखावा करायचा ठरलं होतं, मध्ये कापड, दोन्हीकडे नवरानवरी, भोवती वऱ्हाड. बाकी सगळे चेहरे मी काढले. नवरीचा मात्र तू हट्टाने ठेवलास. "नवरीचा चेहरा माझा. इतकी वर्षं कोणी दुसऱ्याने काढलाय का?" तू ती मांडीवर घेऊन बसलीस, वाकून, नाक जवळजवळ तिला लागेल इतकं वाकून, आणि दुपारभर बोटांनी जागा शोधत पेनाचं टोक टेकवत राहिलीस. मी ओट्यापाशी होते. मग तू विचारलंस, "डोळे नीट आलेत ना गं?" मी म्हणाले, हो, अगदी समोर बघतेय.

दुसऱ्या दिवशी कल्याणला हॉलवर मांडणी करताना मी ती टेबलावर उभी केली आणि धक्काच बसला. समोरून नुसती सुपारी होती. डोळे, कुंकू, नथ, सगळं वर सरकून टाळूवर गेलं होतं. वऱ्हाड नवरीकडे बघत होतं आणि नवरी छताच्या पंख्याकडे. पिशवीत तुझी एक जुनी लाल नऊवारीतली नवरी होती, अडीअडचणीला असावी म्हणून घेतलेली. मी ती उभी केली आणि हिरवी रुमालात बांधून पर्समध्ये टाकली. दोन मिनिटांचं काम, कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी मुलाकडच्यांकडे बघून हसले आणि पन्हं प्यायले.

संध्याकाळी तू दारातच उभी होतीस. "नवरीला काय म्हणाले?" मी चपला काढत म्हणाले, "विहीणबाई म्हणाल्या, ही तर माझ्याकडेच बघतेय." कुठून सुचलं कोण जाणे. विहीणबाईंनी टेबलाकडे धड बघितलंही नव्हतं, त्या जेवणाच्या पंगतींच्या मागे होत्या. पण तू ते वाक्य धरून ठेवलंस. दूधवाल्याला सांगितलंस, डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगितलंस. पुढे दोन वर्षांनी दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, नर्स तुझी वेणी घालत होती तेव्हा तू तिला म्हणालीस, दिसत नसताना केलेली नवरी हो माझी, विहीण म्हणाली माझ्याकडेच बघतेय. नर्सने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मला रडू आलं ते तुला दिसणार नव्हतं, आणि त्या क्षणी त्याचंही बरं वाटलं, याची लाज मला अजून वाटते.

आज सकाळी इथे कळव्याच्या माझ्या घरी खिडकीत पांढरा कागद अंथरला. खाडीवरून येणारा उजेड साडेआठला बरोबर माझ्या टेबलावर असतो, मऊ, सावली न पाडणारा, फोटोसाठी तेवढा अर्धा तास मिळतो. हिरवी नवरी उभी केली. समोरून फोटो काढला, नुसती सुपारी. डावीकडून काढला, उजवीकडून काढला, तेच. वाटलं, हिचं काही होणार नाही, परत कापसात. तिला उचलायला म्हणून टेबलावर वाकले, हातात फोन तसाच चालू होता, आणि फोनमध्ये ती माझ्याकडे बघत होती.

सरळ, आई. दोन्ही डोळे एका ओळीत, मध्ये कुंकू, खाली नथ, नथ किंचित डावीकडे, जशी तुझी असायची. काहीही चुकलेलं नव्हतं. तू तिला मांडीवर घेतलं होतंस, तू तिच्यावर वाकली होतीस, तुझ्या तोंडासमोर तिचा जो भाग होता तिथे तू तिचा चेहरा काढलास. ती तेरा वर्षं वर बघत होती, तुझ्याकडे. मी ती टेबलावर उभी करून समोरून बघितली आणि बिघडलेली ठरवली. मी बराच वेळ तशीच वाकून उभी राहिले. उजेड सरकला, कागद पिवळसर झाला, मला हलावंसं वाटेना. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी "दोन" म्हणाले. ती पहिलीच होती.

तो फोटो ठेवला आहे. लहान केला, नाव दिलं 'आईची-सुपारीची-नवरी'. मागे वाक्य लिहिलं, 'हिरव्या नऊवारीतली सुपारीची नवरी, वरून पाहिलेली, मान वर करून पाहणाऱ्याकडे बघते आहे, नथ किंचित डावीकडे. विकण्यासाठी नाही.' ज्याला दिसत नाही त्याला ते वाचून ती कळेल, असं मला वाटतं. तुला कळली असती. म्हणजे विहीणबाईंच्या तोंडी घातलेलं ते वाक्य खोटं होतं आणि नवरीबद्दल खरं होतं, आणि यात माझा काहीच मोठेपणा नाही.

हे लिहिलेलं कुठे टाकायचं नाहीच आहे. घडी करून नवरीच्या डब्यात ठेवेन, डब्याला चार गाठी मारेन, चार गाठींचं तू काही ठरवलं नव्हतंस. पण एक राहिलंय, तेवढं सांगते. हॉलवर ती उभी केली तेव्हा मला धक्का बसला, असं मी वर लिहिलंय. धक्का बसायचं कारण वेगळं होतं. आदल्या दुपारी तू मांडीवरून ती उचलून माझ्या दिशेने धरलीस आणि विचारलंस, डोळे नीट आलेत ना गं. मी ओट्याशी पाठमोरी होते, फोनवर कोणाला तरी काहीतरी लिहीत होते. हो म्हणाले, अगदी समोर बघतेय. आई, मी वळून बघितलंच नव्हतं.