परस्परविश्वासाचं शिबिर

जयपूर, फेब्रुवारी १९६४

ती. आक्कावन्सं यांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, रत्नप्रभेचा, नमस्कार.

पत्राला उशीर झाला, रागावू नये. गुडघेदुखी कशी आहे? वाईच्या वैद्यांचं तेल लावत असाल तर ते आपल्यासमोर काढवून घ्यावं. आत काय मिसळतात कोण बघतंय? इकडे सर्व खुशाल.

म्हणजे आता खुशाल. मध्यंतरी तुमच्या बंधूंनी मला न विचारता माझं नाव नागरी संरक्षणाच्या स्वयंसेविकांत देऊन टाकलं. म्हणे, तू चार बायकांत मिसळशील. (बदली होऊन दोन वर्षं झाली तरी मी शेजारणीकडे विरजणसुद्धा मागत नाही, हे ह्यांना खुपतं. कुणाचं विरजण कसलं, आपल्याला काय ठाऊक?) मला आठवडाभर घराबाहेर काढण्यामागे ह्यांचा काय डाव असावा, याचा विचार करतच मी झोटवाड्यापलीकडच्या माळावर तंबूत दाखल झाले.

तिथल्या शिक्षिका भटनागर बहनजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे व्याख्यानं नाहीत, सगळं हातांनी करून शिकायचं, आणि मुख्य विषय परस्परविश्वास. आता सरकार परस्परविश्वासासाठी तंबू ठोकायला लागलं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंयच की नाही? माझ्या जोडीला दिली कांताबाई माथुर. ओळख ना देख, पण आल्या आल्या तिने वाऱ्याआडची जागा मला दिली आणि स्वतः तंबूच्या दारापाशी अंथरूण टाकलं. (दारापाशी म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर!)

दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर पट्टी बांधून जोडीदारणीच्या आवाजावर चालायचं होतं. कांताबाई म्हणाली, “दाएँ, बहनजी.” मी मनात म्हटलं, इतक्या गोड आवाजात उजवीकडे बोलावते, तेव्हा नक्की काटे असणार. मी डावीकडे वळले आणि गुरांच्या हौदात पडले. ओढून काढायला पहिली तीच धावली, पण काढताना हसत होती, हे मी लक्षात ठेवलं. पुढे दोन बांबू आणि कांबळं घेऊन झोळी करायची, जखमीला उचलायचं. जखमी मीच. सगळ्यांनी एकमताने मलाच का निवडावं? आता पाडतात की मग पाडतात या धास्तीने मी पुढच्या बाईची वेणी घट्ट धरली. पडलो ते सगळ्याच.

त्यानंतर मी आले की बायकांची मारवाडीतली कुजबुज बंद व्हायची. मला शिबिरातून काढायचा बेत शिजतोय, हे उघड होतं. खरं सांगते वन्सं, तेव्हा वाईट वाटलं. म्हणून शेवटच्या दुपारी त्या चुलीपाशी जमल्या तेव्हा मी कनातीमागे, सरपणाच्या ढिगाला टेकून कान देऊन उभी राहिले. भाषा कळेना, पण माझं नाव मात्र दोनदा आलं. तेवढ्यात वाऱ्याने ठिणगी उडाली आणि कनात भुरभुर पेटली. धूर असा, की स्वतःचा हात दिसेना. मी ओरडले. पलीकडून कांताबाईचा आवाज आला, “आँखें बंद, बहनजी! बाएँ! और बाएँ!” डावीकडेच तर आग होती, अशी माझी पक्की खात्री. पण का कोण जाणे, डोळे मिटले आणि गेले डावीकडे. हात तिच्या हातात पडला. मागे वळून पाहिलं तर उजवीकडचं सरपण धडाधडा पेटलं होतं. बादल्यांची रांग लागली, मीही उभी राहिले, आग विझली.

मग दोघी धापा टाकत बसलो. मी सरळ विचारलं, माझ्याविरुद्ध काय चाललं होतं? ती लाजली. मी घोरते, आणि ते मला कुणी सांगायचं यावरून त्यांचा वाद होता म्हणे! माझा अर्थातच विश्वास बसलेला नाही. एकूण काय, असली शिबिरं म्हणजे शुद्ध धूळफेक. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
रत्नप्रभा

ता.क. मुख्य राहिलंच. होळीनंतर चाकसूला शीतलामातेची जत्रा भरते. तिथे हरवलेली मुलं सांभाळायला आमची तुकडी जाणार आहे. कांताबाईने माझं नाव दिलं, आणि मी ते काढलेलं नाही. तरी घर सांभाळायला महिनाभर यावं. ह्यांना मात्र गोविंददेवजींच्या दर्शनाला येते असंच कळवावं.

ता.ता.क. कांताबाईने तुम्हाला पाहिलेलंही नाही, तरी तुमच्यासाठी रजई शिवायला घेतली आहे. कशासाठी, ते मी शोधून काढतेच आहे. रंग कोणता हवा, ते कळवावं.