संगीताचे सर

सारागुरो, १४ नोव्हेंबर

प्रिय एफ्राइन,

तुला क्वेंकाला नोकरी लागल्याचं आईकडून कळलं. बरं वाटलं.

त्या दिवशी शाळेत आठ वर्षांची नायेली माझ्या, मुख्याध्यापिकेच्या खोलीत आली. "बाई, संगीताचे सर दार लावतात. मला भीती वाटते," एवढंच म्हणाली. मी खोदून विचारलं नाही. तिचे शब्द लिहून जिल्हा कार्यालयाला कळवलं आणि तासाभरात तुला घरी पाठवलं. गिटार उचलत तू म्हणालास, "ताई, दुसरा कुणी असता तर एवढी घाई केली असतीस?"

"हो," मी म्हणाले. ते खरं होतं.

चौकशी दोन महिने चालली. शेजारच्या वर्गाला आवाज नको म्हणून तू दार लावायचास. नायेली घाबरायची, कारण घरी तिचा सावत्र बाप दार लावायचा. तो आता तुरुंगात आहे, पोर आजीकडे. तू निर्दोष ठरलास. पण तोवर बाजारात लोक तुला पाहून तोंड फिरवत होते, आणि मी तुझ्या घरी एकदाही आले नाही. आईला सांगायचे, नियम आहे. नियम चौकशीबद्दल न बोलण्याचा होता, तुला न भेटण्याचा नव्हता.

जाताना बस स्टँडवर तू विचारलंस, "तुला खरं वाटलं होतं का गं?"

"वेडा आहेस का?" म्हणून मी हसले.

एफ्राइन, मला खरं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी माझ्या पोरीला जवळ घेऊन विचारलं, "मामा कधी त्रास देतो का गं?" "नाही. का गं?" ती बावरून म्हणाली.

तक्रार आली तर उद्याही लगेच कळवीन. हे पत्र पाठवून तुला हे कळवायचा मात्र धीर होत नाही.

तुझी ताई,
सोइला