न ऐकलेलं व्हायोलिन

मामा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एक प्रश्न विचारायचा राहूनच गेला. तुम्ही व्हायोलिन कसं वाजवायचात? म्हणजे चांगलं की वाईट? हसू नका. तुमच्याकडे शिकलेल्या आणि आज त्याच व्हायोलिनवर पोट भरणाऱ्या भाचीनं हे विचारावं, याची मलाही गंमत वाटते. पण कार्यक्रमानंतर लोक येतात आणि पहिले गुरू कोण, म्हणून विचारतात. मी सांगते, माझे मामा. मेहकरला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात कारकून होते, आणि जयंतीच्या दिवसांत एका गायन पार्टीत व्हायोलिन वाजवायचे. मग पुढचा प्रश्न ठरलेलाच, कसे वाजवायचे? तिथं मी अडकायचे, कारण मी तुम्हाला वाजवताना कधी ऐकलंच नव्हतं.

तुमच्या घरातली शिकवणी मला अजून जशीच्या तशी दिसते. पुढच्या खोलीत टीव्ही चालू, म्हणून आपली बैठक स्वयंपाकघरात. मामी चुलीपुढे ज्वारीची भाकरी थापतायत, मी पोत्यावर मांडी घालून बसलेय, व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलेलं, आणि तुम्ही समोर, दोन्ही हात मांडीवर ठेवून. तुमचं व्हायोलिन खुंटीला, जुन्या धोतरात गुंडाळलेलं. तुम्ही गाता, मी वाजवते. सा म्हणता, मी सा शोधते. गंधार म्हणता आणि माझं बोट चुकलं की डोळे मिटून तोच गंधार पुन्हा गाता, न रागावता, पण न सोडताही. मामी मधेच म्हणतात, "अजून तेच चालू हाय काय वं? माह्या भाकरी सरल्या!" आणि तुम्ही म्हणता, "भाकर कच्ची ठेवली तर चालते काय तुले? मंग सूर कच्चा कसा चालन?"

रविवारी तुम्ही मला बसस्टँडवर न्यायचात. बाकावर बसून भुईमुगाच्या शेंगा खायच्या आणि लाऊडस्पीकरवर गाड्या पुकारणाऱ्या माणसाचा आवाज ऐकायचा. 'चिखली मार्गे' म्हणताना तो कुठं चढतो, 'बुलडाणा' म्हणताना कुठं उतरतो, ते घरी येऊन वाजवायचं. दुसऱ्या पोरींना कुल्फी मिळायची, मला चिखलीची गाडी. त्या वेळी वाटायचं, मामाच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण पुढं पुण्यात मोठमोठ्या गायकांच्या मागं साथीला बसले, तेव्हा माणूस कुठं वळणार हे मला त्याच्या श्वासावरून कळायचं, ते त्या बाकावरचंच शिक्षण.

एकदा मीच तुमचं व्हायोलिन खुंटीवरून काढलं आणि म्हटलं, मामा, तुम्ही वाजवून दाखवा ना. तुमचा चेहरा असा उतरला की मी घाबरले.

"काऊन? माह्या तोंडातून आयकू येत नाही काय तुले?"

"येते, पण वाजवल्यावर कसं लागते ते..."

"काही पाहू नको. ठिव ते जागेवर. तुह्यं घे."

त्यानंतर मी कधी म्हटलं नाही. जयंतीचे कार्यक्रम लांबच्या गावांना असायचे आणि आई मला पाठवत नसे, त्यामुळे तिथंही ऐकायची सोय नव्हती. मला वाटायचं, हे तुमचं व्हायोलिन पार्टीचं, घरात वाजवायचं नसतं, असा काही नेम असेल. लेकरं कशालाही नेम समजतात.

मग तुम्ही मला पुण्याला गुरुजींकडे नेलंत. इस्त्रीचा सदरा, पायात नव्या चपला, हातात मामींनी दिलेला शेवयांचा डबा. गुरुजींनी मला वाजवायला लावलं, ऐकलं, आणि तुम्हाला विचारलं की हिच्या हाताला कुणाचंच वळण कसं नाही? तुम्ही उभे राहिलात, जसे साहेबासमोर राहायचात, आणि म्हणालात, "साहेब, पोरीनं माह्यं वाजवणं एक डाव बी आयकलं नाही." गुरुजींना तो विनय वाटला, ते हसले. मला मात्र लाज वाटली. तुमच्या गावाकडच्या बोलण्याची वाटली, आणि असल्या विचित्र उत्तराचीही.

पुढचं तुम्हाला थोडंफार माहीत आहे. काही वर्षं गुरुजींच्या घरी, मग साथ, मग एकटीचे कार्यक्रम, मग परदेश. पहिल्या परदेश दौऱ्याआधी तुम्ही गेलात. आणि आता या वयात मला खाज सुटली की मामा वाजवायचे कसे, ते शोधून काढावं.

आधी मामींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मले काय समजते त्यातलं? पण लय छान वाटे." तुमच्या पार्टीचे गायक रोहिणखेडला मुलाकडे राहतात, त्यांना जाऊन भेटले. ते थकलेत, पण आवाजात अजून धार आहे. त्यांना म्हटलं, मामा कसे वाजवायचे, खरं सांगा. ते म्हणाले, "माणूस लाखात एक होता, बाई." मी म्हटलं, ते ठाऊक आहे हो, पण वाजवणं? ते म्हणाले, "चहा घेता ना?" मला तेव्हाच शंका यायला हवी होती. निघताना त्यांनी एका कार्यक्रमाची कॅसेट हातात दिली आणि म्हणाले, "आयका तुम्हीच. मी काही म्हणत नाही."

पुण्याला येऊन शेजाऱ्यांचा जुना टेपरेकॉर्डर आणला आणि भर दुपारी दार लावून बसले. ढोलकी, पेटी, कोरस, टाळ्या. तुम्ही कुठंच नाही. मग गायकाला खोकल्याची उबळ आली आणि ती जागा भरायला व्हायोलिन एकटं पुढं आलं.

मामा, गंधार उतरलेला होता. थोडासाच, पण दर वेळी. मला वाटलं, जुनी कॅसेट आहे, फीत ओढली जात असेल. पण मागं पेटी होती आणि तिचा गंधार जिथल्या तिथं होता. तीन वेळा मागं नेऊन ऐकलं. तुम्ही बेसूर वाजवत होतात.

आधी हसू आलं. मग राग आला, खरंच आला. कारण मला एकदम कळलं की हे तुम्हाला माहीत होतं. गळ्यात गंधार अगदी खरा होता आणि हातात येत नव्हता, आणि ते तुमच्याच कानाला रोज टोचत असणार. म्हणून माझ्यासमोर हात मांडीवर. माझ्या कानात तुमचा गंधार जाऊ नये म्हणून इतकी वर्षं तुमचं लाडकं वाद्य तुम्ही खुंटीला टांगून ठेवलंत. मामींना फोन करून विचारलं, मग मामा घरी वाजवायचे तरी कधी? त्या म्हणाल्या, "तू फाटकाबाहीर गेली का काढे की. दार लोटून वाजवत बसे. तुले नोको सांगू म्हने." फोन ठेवून मी खूप रडले, मामा.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? मामींना वाचून दाखवायचं म्हटलं तर त्यांना तुमचं वाजवणं लय छान वाटायचं, आणि ते तसंच राहू दे. लोकांनी विचारलं तर सांगेन, ऐकलंय मी त्यांना, आणि पुढचं बोलणार नाही. तुम्हाला मात्र एक सांगते. काल रियाजाला बसले आणि वाटलं, एकदा तुमच्यासारखा गंधार लावून बघावा, तुमच्या बोटांना कसं वाटत असेल ते कळेल. मुद्दाम बोट मागं ठेवलं. ते सरकलं, आपल्या जागेवर जाऊन बसलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा सरकलं. सकाळभर हेच करत बसले. नाही जमलं, मामा.